गळ्यातली टेप

सुलभाताई बुरांडे कित्येक वर्षं ब्लाउज शिवत होत्या. वर्गात न बसता थेट परीक्षा देऊन शिवणकामाचा डिप्लोमा मिळवायचं त्यांनी ठरवलं. पण कॉलेजच्या नियमात परीक्षेला टेप न्यायला बंदी. त्यांनी प्राचार्य धोत्रेंकडे दाद मागितली.

प्राचार्य म्हणाले, "अनुभव आहे म्हणूनच वर्गाची सूट दिली ना? अनुभवी माणसाला माप नजरेनंच कळतं. टेप कशाला?"

"पटलं, सर. मग हॉलमधलं घड्याळही उतरवा. तुमचा परीक्षा घेण्यातच जन्म गेलाय. तीन तास झाले की अंदाजानं सांगा, आम्ही पेपर जमा करू."

प्राचार्यांनी नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्यांनाच हसू आलं.

परीक्षेच्या दिवशी घड्याळ भिंतीवरच होतं आणि टेप सुलभाताईंच्या गळ्यात.