रिकामा काटा

त्या मुलखात सगळ्यांना धान्य एकाच तराजूतून मिळे, आणि तो तराजू रिकामा असतानाच एका बाजूला कललेला असे.

मुलखात मातीची मडकी राहत. रोज सकाळी ती रांगेने येत. एका पारड्यात शेराचं वजन चढे, दुसऱ्यात धान्य, आणि तोललेलं धान्य मडक्याच्या पोटात जाई. शेरभर धान्यात मडकं गळ्यापर्यंत भरायला हवं, पण दोन बोटं कमीच भरे. काटा कललेला तर आंधळ्यालाही दिसावा. मग मडकी ओरडत, आणि तराजूची दांडी वर एक मूठ टाकायला लावी. "घे बाई, पण गलका करू नकोस." मूठ पडली की मडकं भरे. फक्त ती मागावी लागे, रोज, मान खाली घालून.

छटाकाला ते बघवत नसे. छटाक म्हणजे सगळ्यांत लहान लोखंडी वजन. एके काळी त्याचाही रुबाब होता. पण हाताळून हाताळून तो झिजला, तोलायच्या कामाचा उरला नाही, आणि कोनाड्यात जाऊन पडला. लोखंडाच्या नशिबात कोनाड्यानंतर भट्टी असते. समोरच्या भट्टीचा उजेड कोनाड्यात येई. तेवढाच काय तो शेजार.

ओरड वाढली तेव्हा दांडीबाईंनी दवंडी पिटवली, की पासंग निवडायचा आहे. हलक्या पारड्याखाली एक तुकडा बांधतात, त्याच्या भाराने रिकामा काटा सरळ उभा राहतो. तो तुकडा म्हणजे पासंग. निवडायचं मडक्यांनी. जो हवा त्याच्याकडे तोंड करून बसायचं, झालं.

उभे दोघे राहिले. एक छटाक, दुसरा पितळी घुंगरू. हा घुंगरू पूर्वी एका बैलाच्या गळ्यात होता, आणि नांगरट आपणच केली असं गावभर सांगत फिरे. ऐकणारेही पुष्कळ असत, कारण बैलाला बोलता येत नव्हतं.

मडकेमावशी सगळ्यांत जुनी, काठाचा टवका उडालेली. ती छटाकापुढे येऊन बसली.

"का रे बाबा, तुला कशाला हवंय हे लोंबकळणं?"

"तुम्हाला मूठ मागावी लागू नये म्हणून, मावशी."

"घुंगरूही तेच म्हणाला. वर वाजूनही दाखवलंन. खरं काय ते सांग."

"भट्टीची भीती वाटते," छटाक म्हणाला. "आणि कोनाड्यात कुणी हात लावत नाही."

"मग भीती किती आणि आमची कळकळ किती?"

"तोललं नाही. आणि मी तोललेलं आता धरतंय कोण?"

मावशी हसली, पोकळ, पोटातून. "झिजलायस, पण खोटा नाहीस." तिने त्याच्याकडे तोंड केलं. तिचं बघून बाकीची मडकी वळली.

दांडीबाईंनी निकाल इतक्या हसतमुखाने मान्य केला की छटाकाला जरा नवलच वाटलं. त्याला तेल लावलं, नव्या सुतळीने बांधलं. काटा थरथरला आणि सरळ उभा राहिला. मडक्यांनी जयजयकार केला. पहिला मान मावशीचा.

शेराचं वजन चढलं, धान्य चढलं, काटा पुन्हा सरळ. धान्य मावशीच्या पोटात गेलं. दोन बोटं कमी.

"अगं, अजून कमीच आहे," मावशी म्हणाली. "मूठ?"

"मूठ कसली मावशी?" दांडीबाई गोड आवाजात म्हणाल्या. "रिकामा काटा बघितलास ना? तुझ्याच माणसाने सरळ केलाय. तुझं पोट सुटलं असेल."

रांगेतली मडकी हसली. मावशीने एकदा छटाकाकडे पाहिलं आणि ती गेली.

छटाक पारड्याखाली लटकून वर पाहत होता. दांडीची अशी खालची बाजू त्याने कधी पाहिली नव्हती. ज्या भोकातून दांडी टांगलेली होती, ते भोक मधोमध नव्हतं. धान्याच्या बाजूची दांडी लांब होती. थोडं धान्यही तिकडे जड भरे.

"दांडीबाई," तो हळूच म्हणाला, "तुमचं भोक मध्यावर नाही."

"नाहीच मुळी. म्हणून तर तुझी गरज."

"मी सुटलो तर?"

"तर काटा पुन्हा कलेल, मडकी पुन्हा मूठ मागतील. आणि तू?" समोर भट्टी धगधगत होती. "सुतळी सैल वाटते का रे? घट्ट करायला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सुतळीला आणखी एक गाठ बसली. सुरुवातीला ती छटाकाला रुतायची. मग रुतायची थांबली. रोज सकाळी दांडीबाई हाक देत, "रिकामा काटा बघून घ्या!" मडकी बघत. दोन बोटांबद्दल आधी कुजबुज होई, नंतर तीही राहिली. मावशी एका थंडीत तडकली. छटाकाला ते रांगेतून कळलं. तो पारड्याबरोबर थोडा हलला, आणि काटा थांबला तसा थांबला.

पुढे कुंभाराच्या चाकावरून नवी मडकी उतरू लागली. ती दोन बोटं बुटकी होती. तराजूपाशी येऊन ती गळ्यापर्यंत भरून घेत, आणि जाताना वाकून पारड्याखालच्या छटाकाला नमस्कार करत.