नरहरी मास्तरांच्या रुमालाच्या गाठी

एका गावात एक भोळा मास्तर होता. नाव नरहरी. इतका आज्ञाधारक माणूस पंचक्रोशीत नव्हता, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

वरून परिपत्रक आलं की मुलांना कलेतून पदार्थांचे गुणधर्म शिकवा. कसे, ते त्यात नव्हतं. ते परिपत्रकात कधीच नसतं. नरहरीची नोकरी हंगामी. शाळेच्या मोठ्या बाई, यमुनाबाई, म्हणाल्या, "सोमवारी साहेब तपासणीला येतायत. मुलांना काही आलं तर तुम्ही कायम. नाहीतर घरी."

गुरुवारी मुलांनी मातीचे बैल केले. नरहरीला ते मळके वाटले, म्हणून त्याने सगळे हौदात धुवायला घातले. हौदात चिखल झाला.

"अहो, कच्ची माती पाण्यात टिकत नाही," बाई म्हणाल्या. "ती आधी वाळवायची, मग कुंभाराच्या भट्टीत भाजायची."

"लक्षात ठेवतो, बाई." नरहरीने रुमालाला गाठ मारली.

शुक्रवारी मुलांनी मेणाचे आंबे केले, देठासकट. नरहरीने रुमाल पाहिला, आंबे सावलीत वाळवले आणि टोपली घेऊन भट्टीवर गेला. येताना टोपली रिकामी होती आणि मागे कुंभार होता, भांडायला.

"अहो, मेण आगीत वितळतं," बाई म्हणाल्या. "ते गार पाण्यात ठेवायचं."

"लक्षात ठेवतो, बाई." दुसरी गाठ.

शनिवारी मुलांनी कागद चिकटवून हत्तीचे मुखवटे केले. नरहरीने ते प्रेमाने गार पाण्यात ठेवले. तासाभराने हत्तींचा लगदा झाला. बाईंनी कपाळाला हात लावला.

"कागद आधी फाडायचा, भिजवायचा, खळ लावून चिकटवायचा आणि मग वाळवायचा. पुन्हा पाणी नाही. आणि कृपा करा, कशालाही हात लावण्याआधी ती वस्तू कशाची आहे ते बघत जा."

"लक्षात ठेवतो, बाई." ही गाठ त्याने दुहेरी मारली.

सोमवारी साहेब आले. दाखवायला एकही वस्तू नव्हती. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या गोदीला विचारलं, "काय शिकलीस?"

"कच्ची माती पाण्यात टिकत नाही, मेण आगीत टिकत नाही, कागद दोन्हीत टिकत नाही."

"कुणी शिकवलं?"

"मास्तरांनी. सगळं करून दाखवलं."

साहेब खूश झाले. साहित्याची पर्वा न करणारा असा प्रयोगशील शिक्षक त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. त्यांनी तिथेच नरहरीला कायम केल्याचा आदेश लिहिला, सही केली, गोल शिक्का मारला आणि सांगितलं, "एकच प्रत आहे, जपा." नरहरीला रडू आवरेना. बाईंनाही बरं वाटलं, कारण त्यांना अजून पुढचं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आणा तो आदेश, कपाटात ठेवू."

नरहरीने अभिमानाने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे हत्तीचा एक नवा मुखवटा उन्हात वाळत होता.

"बाई, या वेळी मी आधी बघितलं," तो म्हणाला. "कागदच होता."

साहेबांचा गोल शिक्का हत्तीच्या डोळ्याच्या जागी अगदी नेमका बसला होता.