पाणी कुठून कुठे वाहतं?

करंजगावच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं, पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा भूजल खात्याचे दिगंबर खापरे चौकशीला आले. जमिनीखालचं पाणी शोधणारा हा शास्त्रज्ञ येताच जमिनीवरच्या चिखलात आडवा झाला, हे खापरे स्वतःच हसत सगळ्यांना सांगत.

ग्रामसभेत गावाशेजारच्या रसायन कारखान्याकडे बोट वळताच मालक धनराजशेठ गरजले, "दोष गावाचाच! शेतात औषधं फवारता, तीच विहिरीत मुरतात. उलट तुमचंच पाणी आमच्याकडे वाहतं!"

खापऱ्यांनी कपाळावर हात मारला. "अरेरे, माझ्या जाड डोक्यात हे आलंच नाही! म्हणजे विष तुमच्या बोअरमध्येही उतरलं असणार. कामगारांच्या जिवाला धोका नको. बोअरला आजच सील ठोकतो."

बोअर बंद म्हणजे कारखाना बंद. शेठ ताडकन उठले. "भलतंच काय! आमचं बोअर वरच्या अंगाला आहे. पाणी आमच्याकडून गावाकडे उतरतं. गावचं पाणी वर चढेल कसं?"

सभेत एकच हशा पिकला.

खापऱ्यांनी हात जोडले. "उपकार झाले, शेठ. हे सिद्ध करायला मला सहा महिने लागले असते, आणि तरी माझं कुणी ऐकलं नसतं. चला, आता तुमची सांडपाण्याची टाकी दाखवा."