मानी कळप

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा दोन हात उंच होते म्हणतात. मी काही मोजायला गेले नव्हते. अशाच एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि ते गाव अल्पाका पाळत असे.

ज्यांनी अल्पाका पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा उंटाचा धाकटा चुलतभाऊ, पण पाठीला कुबड नाही. मान लांब, लोकर मेंढीहून मऊ, आणि तोंडावर कायम रुसलेल्या जावयाचा भाव. राग आला की थुंकतो. वर्षातून एकदा त्याची लोकर कातरायची. मादीला साडेअकरा महिन्यांनी एकच पिल्लू होतं, त्यामुळे या धंद्यात उतावळ्याचं काम नाही. गावची लोकर राजवाड्यात जाई, पिल्लं आसपासच्या खोऱ्यांत जात. गाव खाऊनपिऊन सुखी होतं आणि जरा फुगलेलंही होतं.

कातरणीच्या दिवशी तिथे एक रीत असे. सगळी तरणी जनावरं माळावर उभी करायची आणि पाटलांनी एकेकाच्या मागे उभं राहून त्याला तीन हाका मारायच्या. जे जनावर हाकेसरशी वळून बघे ते भित्रं ठरे. त्याला खालच्या खोऱ्यात मीठ वाहणाऱ्या हमालांना देऊन टाकत. जे तीन हाकांनाही मान वळवत नसे ते 'मानी'. त्याच्या गळ्यात हार पडे आणि पुढची पिल्लं त्याच्यापासूनच घेतली जात. राजाच्या अंगावर जाणारी लोकर कुणाच्याही हाकेला वळणाऱ्या जनावराची कशी चालेल, असं पाटील विचारत, आणि सगळं गाव माना डोलावत असे.

पणज्याच्या पणज्यापासून हे चालत आलं होतं. हळूहळू सगळा कळप दुधासारखा पांढरा झाला, डोळे निळे झाले, आणि मानीपणा एवढा वाढला की माळावर ढोल बडवला तरी एकाचंही चरणं थांबत नसे. पाहुणे आले की गाव मुद्दाम ढोल बडवून दाखवी.

या पाटलांना एक विधवा सून होती. लेक दोन वर्षांपूर्वी कडा कोसळून गेला आणि त्याच्या वाट्याच्या नऊ माद्या तेवढ्या तिच्या हाती राहिल्या. तिचा सगळा संसार म्हणजे त्या नऊ माद्या. ती पल्याडच्या डोंगरावरून आलेली. तिच्या माहेरी जीभ टाळ्याला लावून 'टक्क' केलं की कळप धावत येई. इथे टक्क करून करून तिची जीभ दुखली, पण एक जनावर येईना. शेजारणींनी तिला समजावलं होतं, आपली जनावरं मानी आहेत, त्यांना आणायला आपणच जायचं असतं.

एका दुपारी तिच्या एका मादीचं चार दिवसांचं पिल्लू दोन दगडांच्या फटीत अडकलं. ते केविलवाणं कण्हत होतं. त्याची आई वीस पावलांवर पाठमोरी चरत होती. सून उतारावरून धावत आली, पण ती पोचेपर्यंत पिल्लू संपलं होतं. मग ती मादी चरत चरत वळली आणि तिला पिल्लू दिसलं. त्याला हुंगत ती जी उभी राहिली ती दिवस मावळेपर्यंत हलली नाही.

मेलेल्या पिल्लापासून हलत नाही ती आई जिवंत पिल्लाच्या हाकेला मानापायी गेली नसेल, हे काही सुनेच्या मनाला पटेना.

सकाळी तिने तांब्याची कळशी आणि पळी घेतली. एकेका मादीच्या मागे उभं राहून तिने कळशी दणदणा वाजवली. नऊपैकी एकीचाही कान नुसता हललासुद्धा नाही. सून तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली. मग डोळे पुसून थेट सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"मामंजी, आपली जनावरं मानी नाहीत. बहिरी आहेत."

पाटलांनी विचारलं, "म्हणजे माझा बाप, माझा आजा, सगळे बहिऱ्यांच्या गळ्यात हार घालत होते?"

"हो," ती म्हणाली.

आता एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं छोटं उत्तर कुणी देतं का? पण खरं उत्तर तेवढंच होतं. ती म्हणाली, आपणच ऐकणारी जनावरं वेचून वेचून हाकलली आणि न ऐकणारी ठेवली; पांढरा रंग आणि निळे डोळे त्या बहिरेपणाबरोबरच आले. मी खाली जाऊन ऐकणारा एक नर आणते. पाटील संतापले. हमालांचं भित्रं जनावर कळपात आलं तर तिच्या माद्यांना गावचा माळ बंद आणि गावचा झराही बंद, असं त्यांनी भर चावडीत सांगून टाकलं.

सून दोन पोती लोकर पाठीवर घेऊन तीन दिवसांची वाट उतरली. हमालांच्या तळावर तिने सगळ्या जनावरांच्या मागे जाऊन टक्क केलं. एक तांबडा नर सगळ्यात आधी वळला. एक कान फाटलेला, गुडघे बाहेर आलेले, लोकर जागोजाग उडालेली. हमाल हसून म्हणाला, "बाई, हा तर पान पडलं तरी दचकतो."

"मला दचकणाराच पाहिजे," सून म्हणाली आणि लोकरीची दोन्ही पोती त्याच्यापुढे ठेवली.

गावाने शब्द पाळला. माळ बंद झाला, झरा बंद झाला. सून आपल्या नऊ माद्या आणि तो तांबडा घेऊन गावावरच्या उघड्या उतारावर गेली. तिथे गवतापेक्षा दगड जास्त. तिने त्याच दगडांचं पुरुषभर उंच कुंपण रचलं, एक एक दगड स्वतः उचलून. हाताची सालटी निघाली. प्यायला बर्फाचं पाणी होतं, तेही घागरीने दोन टेकाडांपलीकडून आणायचं. एखादीने माहेरची वाट धरली असती. हिने घागर धरली.

महिन्याभराने गावच्या बायका गंमत बघायला वर आल्या. तांबडा एका मादीजवळ गेला तर ती त्याच्या तोंडावर पचकन थुंकली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, बघ, तुझ्या माद्यासुद्धा त्याच्यावर थुंकतात. सूनही हसली, पण तिचं हसू वेगळं होतं. अल्पाकाची मादी गाभण राहिली की नराला अंगाला लावून घेत नाही, थुंकून पिटाळते. तिच्या माहेरी हे शेंबडं पोरही जाणत असे. त्या दिवशी तिने संध्याकाळपर्यंत नऊ थुंकण्या मोजल्या.

वर्ष होत आलं तेव्हा पहिलं पिल्लू झालं. ना पांढरं ना तांबडं, चहात दूध जास्त पडावं तसं. गावाने नाकं मुरडली. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याच्यामागे बसून हळूच टक्क केलं. पिल्लाने लटपटती मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नवरा गेल्यापासून एवढा आनंद तिला झाला नव्हता. तिने ते पिल्लू उचलून छातीशी धरलं, आणि त्याने तिचं लुगडं भिजवलं तरी खाली ठेवलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. काही पिल्लं थंडीने दगावली, काही तगली. सून थांबली नाही. नऊचे चोवीस झाले.

चौथ्या वर्षी हिवाळा कडक पडला आणि उपाशी लांडगे खाली उतरले. सकाळची वेळ, धुकं असं की दहा पावलांपलीकडचं दिसू नये. वरच्या उतारावर तांबड्याने फाटका कान टवकारला आणि तो कर्कश ओरडला. धोक्याची चाहूल लागली की अल्पाका असाच ओरडतो. क्षणात सगळी तरणी जनावरं कुंपणाकडे पळाली, आणि बहिऱ्या माद्या त्यांना पळताना पाहून मागोमाग धावल्या. सुनेने सगळ्यांना आत घेऊन कुंपणाच्या दाराचा झाप लावला. लांडगे कुंपणाभोवती फिरले आणि खाली निघून गेले.

खाली गावच्या माळावर दीडशे पांढरीशुभ्र जनावरं चरत होती. तांबड्याचं ओरडणं तिथवर स्पष्ट जात होतं. त्यांच्यातल्या एकानेही मान वर केली नाही.

पण ते ओरडणं गावातही गेलं होतं. पाटील आणि चार मंडळी ओट्यावर शेकत बसली होती. एक जण उठायला लागला. पाटील म्हणाले, "बस रे. तो भित्रा तांबडा बोंबलतोय. पान पडलं असेल." तो खाली बसला.

धुकं उठलं तेव्हा माळावर अकरा जनावरं उरली होती. राजवाड्याला द्यायला ना लोकर, ना पिल्लं. पिढ्यांची कमाई एका सकाळीत गेली.

तिसऱ्या दिवशी पाटील काठी टेकत उतार चढून आले. सून पाणी भरत होती. ते कुंपणाला टेकले. मग म्हणाले, "सूनबाई, जनावरांना कान नव्हते. मला होते."

सुनेच्या मनात बोलायला पुष्कळ होतं. तीन वर्षांचं साठलं होतं. पण तिने आधी त्यांना बसायला घोंगडी टाकली.

"तुमच्या माद्या वर आणा, मामंजी," ती म्हणाली. "नर माझ्याकडे आहेत. पण यंदापासून हार वळणाऱ्याच्या गळ्यात."

पाटलांनी मान्य केलं. त्या वर्षीच्या कातरणीला त्यांनी स्वतः हाका मारल्या आणि पहिल्याच हाकेला वळलेल्या एका चहाच्या रंगाच्या पोराला हार घातला. माळ पुन्हा भरायला पुढे बारा वर्षं लागली. पाटलांना ते पाहायला मिळालं नाही. उघड्या उतारावरच्या बाईकडे मात्र सात खोऱ्यांतून लोक आपल्या माद्या घेऊन चढून येत, आणि ती एकेकीच्या मागे उभी राहून आधी टक्क करून बघत असे.

मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, एवढंच ध्यानात ठेवा: हाकेला वळल्याने कुणाचा मान जात नाही, जो वळत नाही त्याची मात्र मानच जाते.