अळणी जेवणारा विद्वान

फार पूर्वी, ढगांच्याही वर वसलेल्या एका राज्यात एक विद्वान राहत होता. त्या राज्यात सोन्याला तोटा नव्हता, पण मीठ मात्र दुर्मिळ. ते फक्त दोघांच्या कोठारात होतं, प्रधानाच्या आणि सेनापतीच्या. आणि या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य!

दरबारच्या पंगतीत अन्न अळणीच वाढत. मग प्रधान आपल्या माणसांना स्वतःच्या हातानं मीठ वाढी, सेनापती आपल्या माणसांना. ज्याचं मीठ घ्यायचं, त्याची बाजू उचलून धरायची, अशी तिथली रीत. विद्वान कोणाचंच मीठ घेत नसे. इकडचे म्हणत, हा तिकडचा. तिकडचे म्हणत, हा इकडचा. त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. पण अवघड प्रसंगी राजा त्यालाच विचारी, आणि तो सांगेल ते दोन्ही बाजू निमूट मानत.

मान मोठा होता, पण मानाशी गप्पा मारता येत नाहीत. घरी गेला की विद्वान भिंतीशी बोले.

एका सणाला प्रधान त्याच्या पानापाशी येऊन थांबला.

"शास्त्रीबुवा, असे एकटे किती दिवस जेवणार? या आमच्यात. मला तुमच्याकडून काही नको. तुम्ही आपलं खरं तेच बोला."

विद्वानाला भरून आलं. खरं बोलायची मुभा आहे, मग चिमूटभर मिठानं काय बिघडतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मन काय, समजूत पटवून घ्यायला तयारच असतं! त्यानं पान पुढे केलं. कित्येक वर्षांनी वरणभाताला चव लागली. शेजारच्यानं आग्रहानं लाडू वाढला, कोणी थट्टा केली, आणि विद्वान पोट धरून हसला.

पुढच्याच महिन्यात डोंगरावरच्या तळ्याचा बांध खचू लागला. प्रधान म्हणाला, "खालची पेठ रिकामी करा." सेनापती म्हणाला, "बांध भक्कम आहे. प्रधानांना पेठेची जागा बळकावायची आहे."

राजानं विद्वानाकडे पाहिलं. तो स्वतः बांधावर जाऊन आला होता.

"महाराज, बांध फुटणार. आजच्या आज लोकांना हलवा."

"हे शास्त्रीबुवा नाही, प्रधानांचं मीठ बोलतंय!" सेनापती म्हणाला, आणि निम्मा दरबार हसला.

"शपथेवर सांगतो, खरं आहे हो!" विद्वान कळवळून म्हणाला. पण राजा विचारात पडला. "उद्या पाहू," म्हणाला.

पहाटे बांध फुटला. पेठ वाहून गेली, पेठेतली माणसंही गेली.

राजानं विद्वानाला बोलावलं. "तुम्ही खरं बोलत होता."

"होय, महाराज."

"मग त्या सणाला एकटेच का नाही जेवलात?"



पुढच्या पंगतीला तो प्रधानाच्या माणसांत जाऊन बसला. प्रधान मीठ वाढत आला आणि त्याचं पान ओलांडून पुढे गेला.

"प्रधानजी, माझं राहिलं."

"शास्त्रीबुवा, मीठ महाग आहे. तुमच्या शब्दाला आता कोण विचारतं?"

शेजारचा माणूस हळूच सरकून बसला. विद्वानानं भात कालवला. पूर्वीसारखाच अळणी होता, पण आज तो घशाखाली उतरेना.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर सगळ्यांची भिस्त असते, त्याचं नुसतं खरं बोलून भागत नाही; त्याला एकटं जेवायचीही तयारी ठेवावी लागते.