अठ्ठेचाळीस पानं आणि एक पावती

"मग यातलं नेमकं कुठलं पान कमी करू, सर?"

यशोधन खर्डीकरनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. निवेदन त्यानं स्वतः लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस पानं. जिल्हा वकील संघाचा हा सर्वांत तरुण उपाध्यक्ष, आणि हुशार. ते त्यालाही पुरेपूर ठाऊक होतं.

मोमीनसाहेब बार रूममधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. डोळे गेल्यामुळे त्यांनी वकिली सोडली होती, खुर्ची सोडली नव्हती. यशोधन त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

भाड्याच्या जागांच्या वादांसाठी राज्य सरकारनं नवं विधेयक आणलं होतं. विधिमंडळाच्या समितीनं वकील संघाला म्हणणं मांडायला बोलावलं होतं. परवा, मुंबईत.

"किती वेळ दिलाय?"

"दहा मिनिटं."

"संघाच्या बैठकीत मंजूर झालं हे?"

यशोधन जरा चाचरला. "भांडणं झाली. घरमालकांचे वकील एका बाजूला, भाडेकरूंचे दुसऱ्या. शेवटी मतं घेतली. बावीस विरुद्ध एकोणीस."

"हं... शेवटचं वाक्य वाच."

यशोधननं वाचलं. "आणि समितीस योग्य वाटतील ते इतर हुकूम व्हावेत."

मोमीनसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अरे, दाव्याच्या शेवटी लिहितो ते इथंही चिकटवलंस? कोर्ट बिचारं तेवढ्यावर काही करत नाही. हे लोक कायदे करतात, बाबा! त्यांना योग्य वाटेल ते करा म्हणून तूच लिहून देतोयस?"

यशोधनचे कान लाल झाले. पंधरा वर्षांची सवय. हातानं आपसूक लिहिलं होतं.

"कलम सतरा वाच. विधेयकातलं."

"हुकमाच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील करावे. यातून कोणतेही दिवस वगळले जाणार नाहीत."

"यावर तू काय म्हटलंयस?"

"एक्केचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे. किरकोळ मुद्दा, सर."

मोमीनसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"तुझा तो शिंपी... हिरवे. दुकान खाली करायचा हुकूम झाला होता. त्याला हुकमाची नक्कल कधी मिळाली?"

"सेहेचाळिसाव्या दिवशी."

"आणि अपील?"

"आताच्या कायद्यात नकलेत गेलेले दिवस मुदतीतून वगळतात, म्हणून..."

यशोधन थांबला. नक्कल जोडल्याशिवाय अपील दाखल होत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नव्या कायद्यात हिरव्यांचं दुकान गेलं असतं, आणि अपील करायचा दिवससुद्धा उजाडला नसता.

"फाइल आहे ना? त्या नकलेची पावती काढ."

यशोधननं काढली. विटक्या कागदाचा चिटोरा. हुकमाची तारीख, अर्जाची तारीख, नक्कल दिल्याची तारीख.

मोमीनसाहेबांनी हात पुढे केला. अठ्ठेचाळीस पानं घेतली आणि स्वतःच्या पाठीमागे, खुर्चीच्या टेक्याला लावून ठेवली. पावती तेवढी यशोधनच्या हातात राहू दिली.

"आता जा."

"सर, वकील संघ विधिमंडळापुढे एक चिटोरा घेऊन उभा राहणार?"

मोमीनसाहेबांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले...

त्या संध्याकाळी यशोधननं पुन्हा बैठक बोलावली. पावती टेबलावर ठेवली आणि नवी, पाच ओळींची विनंती वाचून दाखवली. घरमालकांच्या वकिलांनीही सह्या केल्या. नक्कल त्यांनाही उशिराच मिळायची.

पाच महिने गेले.

राजपत्राचा अंक हातात घेऊन यशोधन बार रूमकडे अक्षरशः धावत आला. मोमीनसाहेबांसमोर बसला. बोलताना त्याला धाप लागत होती.

"कलम सतरा... 'हुकमाची नक्कल हाती पडल्यापासून तीस दिवस.' बदललं, सर. बदललं!"

मोमीनसाहेबांनी मोठा निःश्वास सोडला. इतके दिवस त्यांनाही झोप नीट लागत नसावी.

"काय झालं होतं तिथं?"

"काही नाही. पावती दिली. समितीच्या अध्यक्षांनी तारखा दोनदा वाचल्या आणि शेजारच्यांना दिली. मग सगळ्यांच्या हातांतून फिरली. मी चार मिनिटांत बाहेर!"

दोघेही हसले. चहा आला. यशोधनला कितीतरी दिवसांनी चहाची चव लागली. खूप हलकं वाटत होतं त्याला. पण अर्धा कप झाल्यावर त्याचा चेहरा थोडा उतरला.

"काय रे?"

"सभागृहात एक आमदार म्हणाले, ही दुरुस्ती त्यांना स्वतःला सुचली. बाकं वाजली. वकील संघाचं नाव कुठंच नाही, सर. ना भाषणात, ना कायद्यात. हायकोर्टाच्या निकालपत्रातसुद्धा वकिलाचं नाव छापतात."

मोमीनसाहेबांनी बशी खाली ठेवली.

"छापतात ना... तिथं कुणीतरी हरलेलं असतं. इथं कोण हरलं?"