मठाचा ओटा

“हात थरथरतात हे माणसाचं माणसाला कळू नये? की कळूनही लोकांची घरं नासवत राहायची?”

मठाच्या ओसरीवर केरोबुवा तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोणाचे हात?”

“कोणाचेही. मी सर्वसाधारण बोलतेय.”

“सर्वसाधारण बोलायला भर उन्हात टेकडी चढलीस?”

हेमांगीने खांद्यावरची अवजारांची पिशवी खाली ठेवली. पिशवीत आज थापीबरोबर छिन्नी आणि हातोडाही होता.

हेमांगी कॉलेजात शिकवते. तिचे वडील, रावजी, टपाल कचेरीत आहेत. शनिवार-रविवार दोघं मिळून लोकांची घरं दुरुस्त करतात. गिलावा, फरशी, रंग. या शनिवारी मठाच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला चुन्याचा नवा थर द्यायचा होता.

“बुवा, तुम्हीच त्यांना सांगा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

“काय सांगू?”

“की आता थांबा म्हणून. त्यांनी थापी फिरवली की चुन्याला लाटा येतात. ओट्यावर पाणी साचतं, कोपरे चुकतात. पैसे घेऊन असलं काम द्यायचं, ही फसवणूक आहे. मला ते चालत नाही.”

“मग आजवर कसं चाललं?”

“मी पुन्हा करते.”

“त्याच्यासमोर?”

“छे. त्यांच्या पाठीमागे. ओलं आहे तोवर सगळं सारखं करून घेते. त्यांना पत्ता लागू देत नाही.”

“रावजी तेव्हा कुठे असतो?”

“त्यांचं काम झालं की ते उठतात. ‘पाठ आखडली, तू आवरून ये,’ म्हणतात आणि जातात बाहेर.”

“नेहमी?”

“नेहमी. तेवढं माझं नशीब.”

बुवांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“आणि आज काय झालं?”

“आज मला अर्धा दिवस कॉलेज होतं. सकाळपासून ते एकटेच होते. केव्हाच संपवलं असणार त्यांनी. या उन्हात चुना आता घट्ट झाला असेल. म्हणजे मला तो फोडावा लागणार. आणि फोडला, की त्यांना दिसणार...”

तिने पिशवीचा पट्टा मुठीत धरला.

“थापी धरायला त्यांनीच शिकवलं मला, बुवा. त्यांनी केलेलं काम मी फोडलं हे त्यांनी पाहिलं, तर ते पुन्हा कशाला हात लावायचे नाहीत. त्यापेक्षा तुम्ही आधी सांगा. तुमच्याकडून आलं, तर कमी लागेल.”

“कोणाला कमी लागेल?”

हेमांगीने तांदळातला आणखी एक खडा टिपून बाजूला ठेवला.

“आजवर हे काम कोणी चालू ठेवलं, बाळ?”

“मी,” ती म्हणाली. “दुसरं कोण?”

बुवा हसले. सूप बाजूला सारून उठले आणि आत चालू लागले. ती पिशवी घेऊन मागोमाग गेली.

स्वयंपाकघरात ओटा दिसतच नव्हता. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोणपाट अंथरलं होतं. ओलंचिंब.

हेमांगीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हे काय? चुना धरल्यावर ओलं गोणपाट घालतात. आधीच घातलं तर तो घट्ट होत नाही, मऊच राहतो. बाबांना एवढंही...”

ती थांबली.

मग तिने गोणपाटाचा कोपरा उचलला आणि बोट टेकवलं. बोट आत गेलं.

ओट्यावर लाटा होत्या. लोण्यासारख्या मऊ.

तिने गोणपाटाचा कोपरा हळूच खाली सोडला.

“कधीपासून?” तिने विचारलं. “बुवा... त्यांना कधीपासून ठाऊक आहे?”

बुवांनी वाकून तिच्या पिशवीतली थापी काढली. छिन्नी आणि हातोडा पिशवीतच राहिला. थापी त्यांनी तिच्यापुढे धरली.

“सांगू त्याला? थांब म्हणून?”

हेमांगीने थापी घेतली. पण हात ओट्यापर्यंत जाईना.

मठाचा स्वयंपाक सांभाळणारी गोदाक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिने दोघांकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे, आणि तांब्या खाली ठेवला.

“आली का बाई तू? बरं झालं. पाणी मारून मारून हात दुखले माझे. आता उरक लवकर. तुझे बाबा मघापासून त्या चिंचेखाली इकडे पाठ करून बसलेत, तू ‘झालं’ म्हटल्याबिगर चहाला यायचे नाहीत.”